चालून दाखवा

बुधवार, सकाळचे साडेनऊ. कोल्हापुरातल्या एका सरकारी दवाखान्याची मागची इमारत, तळमजल्याचा व्हरांडा. खिडकी बंद. बाकावर तिघं, बाकीचे भिंतीला टेकून.

अपंगत्वाचा दाखला देणारा डॉक्टरांचा बोर्ड इथं दर बुधवारी असतो. खिडकी दहाला उघडते असं खिडकीवरच लिहिलंय. ती अकराला उघडते हे कुठंही लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. तरी सगळे साडेनऊलाच येतात. एखाद्या बुधवारी ती खरंच दहाला उघडली तर?

मी उभा जन्म बातमीदारीत काढला. किस्से गोळा करायला जिल्हाभर मोटारसायकल मारायचो. आता एका जागी बसतो आणि किस्सेच माझ्याकडं येतात, कुबड्यांवर, काठीवर, कुणाच्या तरी पाठीवर बसून. माणसाला काम होईना झालं की काम होत नाही हे सिद्ध करायचं नवं काम त्याच्या मागं लागतं. ते पूर्णवेळ असतं, त्याला रजा नसते, आणि त्यात बसून राहण्याशिवाय फारसं काही नसतं. बसून राहिलेली माणसं बोलतात. असे साचत जातात किस्से.

बाकावरच्या तिघांत एक मी. मानेच्या मणक्यात नस दबली, ऑपरेशन झालं, पण उजवा पाय परत आला नाही आणि बोटांतलं बळ गेलं. दुसरे शौकतभाई. फौंड्रीत साचे भरायचे. उजवा हात मनगटापासून गेला. तिसरी मालूताई. लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून पाय नुसते लोंबते. फळीला चाकं लावलेल्या गाड्यावर बसून हातांनी जमीन रेटत फिरायची, आणि घरी बसून हुपरीच्या व्यापाऱ्यांच्या पैंजणांना घुंगरं लावायची. जन्मभर हातांनी चालल्यामुळं खांदे झिजले. आता गाडा रेटवत नाही आणि घुंगरूही धरवत नाही.

मालूताई एका खोलीत एकटी राहते. निराधार पेन्शनीवर. पेन्शन आहे तोवर खोली आहे. पेन्शन गेली तर भाऊ तिला हद्दीपलीकडं, कर्नाटकातल्या आपल्या गावी नेणार. भाऊ वाईट नाही. एका बुधवारी तो स्वतः बाकापाशी आला होता. म्हणाला, "अक्का, चल की आमच्याकडं. एका माणसाचं जेवण मला जड न्हाय."

मालूताई म्हणाली, "जेवण जड न्हाय रं. ताट मागाय लागतंय, ते जड हाय."

तिचा जुना, हाती लिहिलेला दाखला आता चालत नव्हता. नवा, कॉम्प्युटरवरचा दाखला नाही आणला तर पेन्शन थांबेल असं तिला सांगितलं होतं. म्हणून ती बाकावर.

*

माझा नंबर आला त्या दिवशी मी गुळगुळीत दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. डॉक्टर तरुण होते. कागदातून मान वर न काढता म्हणाले, "चालून दाखवा."

आता सांगायचं तर आयुष्यात कुठल्याही साहेबाच्या खोलीत मी लंगडत शिरलो नव्हतो. काठी भिंतीला लावली. टेबलाला हात न लावता दारापर्यंत गेलो, वळलो, परत आलो. पाठीमागं शर्ट घामानं चिकटला होता. तो त्यांना दिसायचं कारण नव्हतं. त्यांनी लिहिलं, अडतीस टक्के.

चाळीसच्या खाली काही मिळत नाही.

बाहेर आलो. मालूताईनं विचारलं, "किती?"

"अडतीस."

"काठी कुटं हाय तुमची?"

काठी आतच राहिली होती.

ती शौकतभाईंकडं वळली. "बघा भाई, पत्रकार काठी इसरून भाईर आला. डाक्टरनं जास्तच दिल्यात की मग."

पण हसणारी ती तरी काय करत होती? तिच्या नंबराच्या दिवशी ती काठपदराचं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळून आली. गेटावर दाखले काढून देणारा एक एजंट उभा असतो. तो कळवळून म्हणाला, "मावशी, असं नटून कोण येतंय बोर्डाला? जरा मळकं नेसायचं, जरा कण्हायचं."

मालूताई म्हणाली, "पावणं, सायबाम्होरं जायाचं तर माणसावानी नको व्हय जायाला?"

इथं येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस हीच चूक करतो. घरातले बरे कपडे काढतो, तेल लावून भांग पाडतो आणि आपण किती निकामी आहोत ते दाखवायला आत जातो.

तिला दाखला मिळाला. मी अपील केलं. ते अजून चालू आहे.

*

दाखला झाला की दवाखान्याचा बाक सुटतो आणि कचेरीचा बाक सुरू होतो. पेन्शनवाल्यांना दरवर्षी आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. त्यासाठी अंगठा लावायचं मशीन आहे.

शौकतभाईंनी डावा अंगठा ठेवला. मशीन म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. ऑपरेटर म्हणाला, "दुसरा हात द्या."

शौकतभाईंनी शर्टाची बाही वर केली. ऑपरेटरनं मशीनची काच पुसली. मग म्हणाला, "बरं, डाव्याचीच दुसरी बोटं द्या."

पाचही झाली. जन्मभर फौंड्रीतली वाळू चोळून त्या बोटांवर रेघ म्हणून उरलेली नव्हती. डोळा लावून बघितला. डोळ्यात मोतीबिंदू.

"मग तुम्ही हयात हाय हे कशावरनं म्हणायचं मी?" ऑपरेटरनं विचारलं. त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो खरंच अडला होता.

"कमाल हाय," शौकतभाई म्हणाले. "मघापास्नं तुमच्याशी भांडतोय, तो कोण मग?"

"चाचा, मला कळतंय की. मशीनला भांडण कळत न्हाय."

मी मध्ये पडलो. नियमात काय पर्याय आहे, कोण लिहून देऊ शकतं, ते साहेबांपुढं जाऊन मोठ्यानं सांगितलं. तासाभरानं शौकतभाई कागदोपत्री जिवंत झाले. जिन्यावरून उतरताना म्हणाले, "घरी कुणी न्हाय बघायला, मी जित्ता हाय का म्हणून. हे वर्षातनं एकदा तरी इचारत्यात. बरं वाटतंय जरा."

मी भांडायच्या तयारीत होतो. या वाक्याशी कसं भांडायचं ते मला कळलं नाही.

*

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मालूताईचा जबाब घ्यायला एक कारकून होता. मी शेजारी बसलो होतो.

"घरात कोण कोण?"

"मी एकटीच."

"मग सैपाकपाणी कोण करतंय?"

"जमंल तसं मीच करतो की."

कारकून पेन खाली ठेवून म्हणाला, "मावशी, तुम्हीच करताय म्हणल्यावर असमर्थ कसं लिहू?"

मालूताईनं विचार केला. म्हणाली, "बरं, मग शेजारीण करती म्हणून लिवा. पाणी तीच भरती, तेबी खरंच हाय."

"शेजारीण करत्या म्हणजे आधार हाय की. मग निराधार कसं लिहू?"

मालूताई माझ्याकडं बघायला लागली. मी कारकुनाला विचारलं, "माणसानं काय सांगावं म्हणजे तुम्हाला लिहिता येईल?"

तो म्हणाला, "ते मी सांगणं नियमात बसत न्हाय."

*

अपंगांच्या एका कार्यक्रमाला आम्हा तिघांना आग्रहानं नेलं. सभागृहात व्हीलचेअरचं वाटप होतं. स्टेजला पायऱ्या. पाहुणे वर, अपंग खाली, त्यामुळं पाहुण्यांनी खाली यायचं ठरलं आणि त्याबद्दल टाळ्याही झाल्या.

मालूताईला उचलून नव्या कोऱ्या खुर्चीत बसवलं. मांडीवर गुलाबाचं फूल. फोटो झाला. तिनं चाकाला हात लावला, थोडं पुढं रेटून बघितलं. तेवढ्यात दोघांनी तिला काखेत धरून उचललं आणि परत गाड्यावर ठेवलं. त्याच खुर्चीत पुढच्याला बसवलं. मग त्याच्या पुढच्याला.

"उरलेल्या खुर्च्या टेम्पोत हाईत," एक कार्यकर्ता म्हणाला. "घरपोच करतो."

दुसऱ्या दिवशी बातमी माझ्याच जुन्या पेपरात आली. व्हीलचेअरचे वाटप उत्साहात. मी डेस्कवर फोन लावला. उचलणाऱ्या पोराला मी शिकवलेलं आहे. म्हणाला, "दादा, प्रेसनोट आलीय. फोटोत खुर्ची दिसतीय की."

"बाईला विचारलंस का, खुर्ची घरी आली का म्हणून?"

"दादा, तब्येत कशीय तुमची?" त्यानं विचारलं. मी फोन ठेवला.

खुर्च्यांचा टेम्पो काही आला नाही. मालूताईनं तो अंक मागून घेतला. आपला फोटो बराच वेळ बघितला. म्हणाली, "खुर्ची ब्येस होती. माझ्या मागनं कितीजण बसलं तिच्यात, पण मळली न्हाय."

*

एकदा मात्र माझा तोल सुटला. मालूताईच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर सही करायचे साहेब जागेवर आहेत, केबिनचा पंखा चालू आहे, आणि शिपाई सांगतोय, साहेब मीटिंगला गेलेत. मी काठी आपटून म्हणालो, "उद्या याची बातमी करतो."

टेबलावरचा हेडक्लार्क जुना माणूस. मला ओळखायचा. एकेकाळी मी कचेरीत शिरलो की हा फायली आवरायला लागायचा. तो शांतपणे म्हणाला, "करा की. कुठल्या पेपरात?"

आपटलेली काठी मी हळूच टेबलाला टेकवली.

त्यानं खुर्ची पुढं ओढली. "बसा. पाणी घ्या." मग शिपायाला म्हणाला, "साहेबांना आधार दे रे, बसताना."

त्यानं शिवी दिली असती तर मी दोन दिल्या असत्या.

सही त्या दिवशी मिळाली. एवढं काम माझ्या एका बातमीनं कधी झालं नव्हतं.

*

मालूताईकडं फोन नाही. अर्ज भरताना मोबाइल नंबर लागतोच, म्हणून माझा दिला. तेव्हापासून तिच्या पेन्शनीचे ओटीपी माझ्याकडं येतात. ती सेवा केंद्रात, मी माझ्या घरी. केंद्रवाला फोन करतो, "आकडा सांगा लवकर." मी आंघोळीत असलो तर आकड्याची वेळ संपते आणि पहिल्यापासून सुरू. तिच्यापायी मी फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून मोरीत न्यायला लागलो.

माझी बायको गेली. मुलगी बंगळूरला असते, रविवारी फोन करते, औषधं घेतली का विचारते. ज्यांच्यासोबत मी जन्मभर एका टेबलावर चहा प्यायलो, त्यांनी पहिले काही महिने फोन केले. त्यांना माझी बातमी एकदा कळली होती. तीत पुढं काही घडत नव्हतं. ते तरी रोज काय विचारणार?

त्यामुळं फोन वाजला की बहुतेक मालूताईच्या नावाचंच काहीतरी असायचं. पेन्शन जमा झाल्याचा मेसेज आला की मी काठी घेऊन दोन गल्ल्या ओलांडून तिच्या दारात जायचो. ती लांबूनच काठीचा आवाज ओळखायची आणि आतून ओरडायची, "आली व्हय?" मग चहा. बाक सोडला तर महिन्यातली ती माझी एकमेव ठरलेली भेट.

शौकतभाईंचं तर सगळं काम कधीच झालेलं आहे. दाखला आहे, पेन्शन चालू आहे. तरी ते बुधवारी साडेनऊला बाकावर असतात. मी एकदा विचारलं, "भाई, आता कशाला येता?"

"नव्या माणसाला कुठली खिडकी ते कळत न्हाय, पत्रकार."

"पाटी आहे की तिथं."

"हाय की." बाकावर सरकून एकाला जागा करून देत म्हणाले, "पाटी बोलत न्हाय."

*

एका महिन्यात मेसेज आला नाही. मी फोन बंद करून चालू केला. दुसऱ्या महिन्यातही नाही. मालूताईच्या दारात जायचं मी टाळत होतो. शेवटी तीच शेजारणीकरवी निरोप पाठवून म्हणाली, "पत्रकाराला म्हणावं, पैसं न्हाय आलं तर न्हाय आलं, च्या प्याला यायला काय झालं?"

कचेरीत गेलो. उत्तर मिळालं, फेरतपासणी. लाभार्थी खरोखर असमर्थ आहे का ते बघायचं आहे, तोवर पेन्शन स्थगित. भावाचा फोनही माझ्याच नंबरावर आला. "साहेब, अक्काला सांगा. खोलीचं भाडं थकाय लागलंय. मी टेम्पो घेऊन येतो."

मी त्याला थोडं थांब म्हणालो आणि अर्ज लिहिला. बोटं चालत नाहीत, म्हणून केंद्रवाल्याला मजकूर सांगितला. अर्जदार बाईंना चालता येत नाही, कचेरीत येणं शक्य नाही, तरी अधिकाऱ्यांनी समक्ष घरी भेट देऊन खात्री करावी. पोच घेतली. बरेच दिवस काही नाही. मग एक दिवस माझ्या फोनवर मेसेज आला. सोमवारी सकाळी अकरा वाजता मूळ कागदपत्रांसह कचेरीत समक्ष हजर राहावे.

मी चिडलो. घरी या म्हटलं तर कचेरीत बोलावतात. शौकतभाई म्हणाले, "भांडू नगंसा. आधी हजर होऊ, मग भांडा."

सोमवारी त्यांच्या ओळखीचा रिक्षावाला आणला. मालूताईनं परत तेच काठपदराचं लुगडं नेसलं. शौकतभाईंनी आणि रिक्षावाल्यानं तिला उचलून रिक्षात ठेवलं, कचेरीत उतरवलं, जिना चढवला. हजेरीच्या कागदावर तिचा अंगठा घेतला आणि बसायला सांगितलं.

अकराचे चार वाजले. तिनं सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं. कचेरीतल्या बाथरूमपर्यंत तिला नेणार कोण, म्हणून. मी टेबलापाशी गेलो.

"साहेब कधी येणार?"

"साहेब फील्डवर गेल्यात," क्लार्क म्हणाला. "आज काय व्हायचं न्हाय. एका बाईची गृहभेट हाय. अपंग हाय म्हणं, तिला हितवर येता येत न्हाय."

हे मालूताईनं ऐकलं. भिंतीला डोकं टेकून बसली होती. म्हणाली, "चला मग. बिचारी. तिचं तरी काम हुंदे."

मग आम्ही परत आलो.

ती गृहभेट माझ्याच अर्जावरून निघाली होती. अहवालाची प्रत पंधरा दिवसांनी हातात आली तेव्हा कळलं. साहेब सोमवारी दुपारी मालूताईच्या दारात उभे होते. त्यांनी लिहिलंय, समक्ष भेट दिली असता घरास बाहेरून कुलूप असल्याचे आढळले, अर्जदार घरास कुलूप लावून बाहेर गेल्याचे दिसून येते, सबब अर्जदार हिंडण्या-फिरण्यास सक्षम आहेत. पेन्शन बंद करण्याची शिफारस.

भाऊ टेम्पो घेऊन आला. सामान अर्धा टेम्पोही भरलं नाही. मालूताईला पुढं ड्रायव्हरशेजारी बसवलं. ती मला म्हणाली, "पत्रकार, माझा म्हणून काय मेसेज आला तर वाचत जावा." पेन्शन बंद झाल्याचा मेसेज तिसऱ्या दिवशी आला. मी तो वाचला.

त्या खोलीच्या दाराची कडी, आतली काय आणि बाहेरची काय, वरच्या चौकटीला आहे, माझ्या डोक्याच्याही वर. मालूताईला ती कधीच लावता आली नाही. रात्री ती आतून दाराला पाटा सरकवून झोपायची. त्या सोमवारी कडी घालून कुलूप लावलं शौकतभाईंनी, एका हातानं, टाचा उंच करून.

जमिनीवर बसणाऱ्या बाईनं ते कुलूप कसं लावलं असेल, एवढंच मी खात्याला लेखी विचारलं आहे. पोच मिळाली. उत्तर आलेलं नाही.